रशियन स्टँडअप: सहा वर्षं वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू

लोक चार दिवस मिक्सर फिरवतात आणि पाच स्टार देऊन मोकळे होतात, मी हा माल सहा वर्षं रोज वापरलाय आणि परत आल्यावरही सोडलेला नाही, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, वेळ असेल तरच वाचा. मी समीक्षक बिमीक्षक नाही. मिरजेत डॉक्टर आहे, 2014 ते 2020 रशियात व्होरोनेझला एमबीबीएस केलं. आता तुम्ही म्हणाल व्होरोनेझ म्हणजे कुठलं, तर मॉस्कोच्या दक्षिणेला पाचेकशे किलोमीटर, आणि रशियन स्टँडअपमध्ये या गावाला जो मान आहे तो कळायला मला दोन वर्षं लागली, ते पुढे सांगतो.

सुरुवात भाषेपासून झाली. कॉलेज इंग्लिश मीडियम, पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेलं की समोरची आजी काही इंग्लिशमधून पोट दुखतंय सांगत नाही. पुस्तकातलं रशियन आणि आजीचं रशियन यांची गाठभेटच नाही. मग सीनियर म्हणाला टीव्ही बघ, ते-एन-ते नावाचं चॅनल लाव. हॉस्टेलच्या कॉमन किचनमध्ये एक डबडा टीव्ही होता, एकीकडे कुकरची शिट्टी, घरून आणलेल्या कांदा-लसूण चटणीचा ठसका, आणि टीव्हीवर विटांच्या भिंतीसमोर एक दाढीवाला माणूस तावातावाने बोलतोय आणि लोक खुर्चीतून पडतायत. मला दहा शब्दांतले दोन कळायचे. तरी हसायचो, कारण शेजारचा हसायचा. असं करत करत जे रशियन आलं ते अजून गेलेलं नाही, त्यातला निम्मा भाग चारचौघांत बोलण्यासारखा नाही ही गोष्ट वेगळी.

पण खाली गेटवर बसणारी जी बाई असते, तिला वाख्त्योर्शा म्हणतात, ती आमच्या या कार्यक्रमाला तोंड वाकडं करायची. तिच्या काचेच्या खोलीत वेगळा टीव्ही, त्याच्यावर जुना टीव्ही विनोदवीर येव्गेनी पेत्रोस्यान. आमच्या पिढीला हा माणूस म्हणजे डोक्याला शॉट. सासू, दारू, बायकोचे कपडे घातलेले पुरुष, आणि प्रत्येक जोकच्या शेवटी स्वतःच डोळे मोठे करणार. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, म्हटलं म्हातारीशी ओळख राहिली तर रात्री अकरानंतर दार उघडेल, पण नाही जमलं. एक स्टार, तोही दार उघडल्याबद्दल.

झादोर्नोव मात्र तिच्यामुळे कळला. 2017च्या नोव्हेंबरात मिखाइल झादोर्नोव गेला तेव्हा ती खरोखर रडत होती, चहाचा कप तसाच. तेव्हा तिने मला ती गोष्ट सांगितली. 1991च्या 25 डिसेंबरला गोर्बाचोवने राजीनामा दिला, देशच गायब, आणि 31 तारखेला रात्री बारा वाजायच्या आधी टीव्हीवर राष्ट्राला नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला कोण, तर हा विनोदी माणूस! तिथे हे भाषण राष्ट्रप्रमुखाचं असतं आणि अख्खा देश ग्लास भरून समोर बसलेला असतो. झादोर्नोव लाइव्ह बोलत बसला तो मिनिटभर लांबला, म्हणून क्रेमलिनच्या घड्याळाचे बाराचे टोले उशिरा दाखवावे लागले. म्हातारी म्हणे, आम्ही ग्लास हातात धरून उभे आणि वर्षच सुरू होईना. नंतर तो अमेरिकन लोक कसे मठ्ठ यावरच वर्षानुवर्षं बोलत राहिला, ते आज बघवत नाही, पण तो एक मिनिट मात्र कडक.

जुन्यांत खरा माणूस एकच, झ्वानेत्स्की. ओडेसाच्या बंदरावर इंजिनियर, मग अर्कादी राइकिन या तिथल्या मोठ्या विनोदी नटासाठी लिहायला लागला, मग स्वतः उभा राहिला, हातात बापाची जुनी चामडी बॅग, त्यातून कागद काढणार आणि वाचणार. पाठ नाही, नकला नाहीत, वाचणार फक्त. आपल्याकडे गणपतीत कथाकथन व्हायचं ना, तसा ऐवज. सोव्हिएत काळात स्टेजवर बोलायचा प्रत्येक शब्द आधी सेन्सॉरच्या ऑफिसातून शिक्का मारून आणायला लागायचा, त्याला लितोव्का म्हणायचे. कागदावर शिक्का, आणि कागदाबाहेर एक शब्द नाही. त्यामुळे झालं काय की ही माणसं आवाजात जोक लपवायला शिकली. कागदावर वाक्य साधं, पण कुठे थांबला, कुठे श्वास घेतला, तिथे हशा. सेन्सॉरवाला श्वासावर शिक्का कसा मारणार! झ्वानेत्स्की 2020च्या नोव्हेंबरात गेला, तेव्हा मी सांगलीत क्वारंटाइनवाल्यांची लाइन बघत बसलो होतो, रात्री हेडफोन लावून त्याचे जुने कार्यक्रम ऐकले. हा भाग पाच स्टार, पण रशियन चांगलं येत असेल तरच, नाहीतर एक म्हातारा कागद वाचतोय एवढंच दिसेल.

आता नवीन माल. तो समजायला केव्हीएन समजायला लागतं. 1961 पासूनची कॉलेजांची विनोदी स्पर्धा, मधे 1972 ला बंद पडली, 1986 ला परत सुरू. आपल्याकडे कसं प्रत्येक कॉलेजात एकांकिकेचा ग्रुप असतो आणि पोरं सबमिशन सोडून तालमी करतात, एक्झॅक्ट तेच, फक्त राष्ट्रीय पातळीवर, टीव्हीवर, आणि अख्ख्या देशाची पोरं जानेवारीत सोचीला जाऊन धडकणार. तिथले निम्मे कॉमेडियन इथूनच आले. इवान अब्रामोव हा मॉस्कोच्या डिप्लोमसी शिकवणाऱ्या एमगिमो संस्थेतला, राजदूत व्हायचं सोडून सिंथेसायझर घेऊन स्टेजवर गाणी मोडत बसतो. तिमूर कार्गीनोव दक्षिणेला कॉकेशसमधल्या व्लादिकावकाझचा. आणि मिखाइल शात्स, तो तर आमच्यातलाच, लेनिनग्राडला मेडिकल करून अनेस्थेशिया आणि आयसीयूत नोकरी केलेला डॉक्टर, मग केव्हीएन, मग टीव्ही, आणि आता पन्नाशी उलटल्यावर देश सोडून स्टँडअप करतोय. माझ्या आईला मी हे उदाहरण सांगत नाही.

आणि व्होरोनेझ! 2013 ला ते-एन-तेवर स्टँडअपचा तो विटांच्या भिंतीचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचा सूत्रधार रुस्लान बेली. जन्म प्रागचा, वडील लष्करात, शिक्षण व्होरोनेझच्या लष्करी विमान इंजिनियरिंगच्या संस्थेत, केव्हीएनची टीमही व्होरोनेझची. त्याच कार्यक्रमाच्या मागे उभी राहून सगळं चालवणारी आणि स्वतःही उभी राहून बोलणारी युलिया अख्मेदोवा, जन्म किर्गिझस्तानातला, पण केव्हीएनची कॅप्टन व्होरोनेझच्याच टीमची. टीव्हीवर न जाता यूट्यूबवरून मोठा झालेला दानिला पोपेरेच्नी, जन्म 1994, परत व्होरोनेझ! म्हणजे मी ज्या गावात मार्शरुत्कातून, म्हणजे तिकडच्या शेअर मिनीबसमधून, लोंबकळत अॅनाटॉमीला जात होतो त्या गावाच्या पाण्यात काहीतरी होतं. टॅक्सीवाला सुद्धा तुम्हाला सांगणार की बेलीला मी एकदा सोडलं होतं. गावातल्या सगळ्याच टॅक्सीवाल्यांनी त्याला सोडलं असेल तर तो माणूस चालला कधी देव जाणे.

अख्मेदोवावर दोन वाक्यं जास्त लिहितो कारण मला ती सगळ्यांत उजवी वाटते. तिशी उलटलेली, लग्न न झालेली बाई, एवढाच विषय, आणि त्यावर रशियन समाज जो काही बोलतो ते ती त्याच सुरात परत बोलून दाखवते. नंतर तिने स्वतःच्या डिप्रेशनबद्दल उघडपणे सांगितलं, गोळ्यांसकट. तिकडे तेव्हा हे कोणी बोलत नव्हतं. मी सायकियाट्री पोस्टिंगला असताना एका पेशंटच्या मुलीने तिचं नाव घेतलेलं मला आठवतंय, की ती पण घेते ना गोळ्या, मग आईने घेतल्या तर काय झालं. आमच्या सरांच्या तासाभराच्या लेक्चरपेक्षा जास्त काम झालं.

लाइव्हचा अनुभव सांगतो, कारण रिव्ह्यू म्हटल्यावर लोक विचारतात तिकीट किती, पार्किंग आहे का. प्रॉस्पेक्त रेव्होल्यूत्सीपासून आत गल्लीत एक तळघरातला बार होता, नाव सोडा. एंट्री फुकट पण काहीतरी ऑर्डर कंपल्सरी, आम्ही तिघांत एक चहाची किटली घेऊन तीन तास काढायचो, वेट्रेस मारायचीच बाकी होती. बाहेर उणे अठरा, आत कोट काढून गार्देरोबला द्यायचा, नंबराचा बिल्ला घ्यायचा, कोट अंगावर ठेवून बसलात तर लोक असं बघतात जसं तुम्ही चपला घालून देवळात शिरलाय. ओपन माइक. बारा पोरं, प्रत्येकाला पाच मिनिटं, वेळ संपत आली की मागून मोबाइलची टॉर्च हलवतात. बारातले नऊ वाईट. हे आधीच सांगतो, अपेक्षा ठेवून जाऊ नका. सेटअपला ते पोदवोद्का म्हणतात, पंचला पांच, आणि हशा आल्यावर वरून जो अजून एक फटका मारतात त्याला दोबिव्का, म्हणजे आडवा पडलेल्याला पुन्हा हाणणे. नवीन पोरांकडे पोदवोद्का तीन मिनिटांची आणि पांच आलाच नाही असं बऱ्याचदा.

एकदा मी पुढच्या टेबलावर सापडलो. स्टेजवर एक काडीसारखा मुलगा, दिवसा मोबाइलच्या दुकानात कामाला. म्हणाला तू कुठला? मी म्हटलं इंडिया. इंडिया म्हटलं की तिथे पुढचं ठरलेलं असतं, राज कपूर, मिथुन, हत्ती. पण हा म्हणाला इंडियात कुठे? मी म्हटलं सांगली. तो थांबला, विचार केला, आणि म्हणाला, सांगली... हे लेवी बेरेगवर येतं का? हॉल फुटला. लेवी बेरेग म्हणजे नदीचा डावा काठ, कारखान्यांचा भाग, गावातले सगळे भुरटे तिकडचे असं उजव्या काठावरच्यांचं मत. मी पण तेवढ्यात म्हटलं, नाही, कृष्णेच्या काठावर. आता तिकडे कृष्ण म्हणजे भगवे कपडे घालून रस्त्यात ढोलकी वाजवणारे, एवढंच माहीत. पोरगा माइक खाली करून म्हणाला, भाऊ, म्हणजे कृष्णालाही लेवी बेरेग आहे? यानंतर मला त्या रात्रीचा चहा फुकट, आणि त्या पोराशी दोस्ती.

त्याच्याकडून कळलं की या धंद्यात पैसे कुठे असतात. ओपन माइकला शून्य. मग तुम्ही मॉस्कोला जाता, कारण जावंच लागतं, तिथे चौघांत एक खोली, दिवसा कुरियर, रात्री तीन-तीन बार करायचे, म्हणजे मटेरियलची चाचणी. मग कोणीतरी टीव्हीवाला बघतो. टीव्हीवर आलात की मानधनापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कॉर्पोरातीव, कंपन्यांच्या पार्ट्या, डिसेंबरमध्ये. वर्षाचा दाणापाणी त्या तीन आठवड्यांत, समोर अकाउंट्सवाल्या बायका सॅलड खातायत आणि तुम्ही जोक सांगताय. मग टूर, मग यूट्यूब. नुर्लान साबुरोव बघा, कझाकस्तानातल्या स्तेप्नोगोर्स्कचा पोरगा, येकातेरिनबुर्गला शिकायला आला, आणि 2019 नंतर यूट्यूबवरच्या ज्या शोमध्ये पाहुणा गोष्ट सांगतो आणि हे चारपाच जण त्याला एक वाक्य पुरं करू देत नाहीत, त्या शोने एकेका भागाला कोटीत व्ह्यूज घेतले. मला तो शो पहिले दहा भाग भारी वाटला, नंतर हॉस्टेलमधल्या रॅगिंगची आठवण यायला लागली. साबुरोव एकटा असला की जास्त चांगला, हे माझं मत, पोरं भांडतात यावरून.

इथपर्यंत हा रिव्ह्यू सरळ होता. पण या प्रॉडक्टचा फॉर्म्युलाच मधे बदलला आणि तो मी तिथे असतानाच बदलायला लागलेला. 2014च्या जुलैपासून स्टेजवर शिव्यांना कायद्याने बंदी आली तेव्हा सगळे हसले, कारण रशियन माणसाची शिवी काढून घेणं म्हणजे कोल्हापूरकराचा रस्सा काढून घेणं, कोणी मनावर घेतलं नाही, क्लबात चालूच. मग 2020च्या जानेवारीत, माझं शेवटचं वर्ष, बातमी आली की अलेक्सांद्र दोल्गोपोलोव नावाच्या कॉमेडियनबद्दल पोलीस चौकशी करतायत, येशू आणि पुतिनवरच्या जोकवरून, आणि तो देशाबाहेर गेला. आमच्या तळघरात त्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं गेलं, फोन खिशात ठेवा, शूटिंग नको. आधी वाटलं मटेरियल फुटू नये म्हणून.

मग 2021, इद्राक मिर्झालिझादे. मूळ अझरबैजानचा, नागरिक बेलारूसचा, राहायला मॉस्कोत. त्याचा जोक भाड्याच्या घरावर होता. तिथे घराच्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं ‘फक्त स्लाव लोकांना’. मी स्वतः पाचव्या वर्षी रूम शोधताना हे शब्द इतक्या वेळा वाचलेत की पहिल्यांदा मला वाटलेलं स्लाव म्हणजे व्हेजिटेरियन टाइप काहीतरी अट असेल. स्लाव म्हणजे रशियन, युक्रेनियन वगैरे वंशाचे लोक, बाकीच्यांनी विचारूच नये. तर इद्राकने ते उलटं केलं, आधीच्या रशियन भाडेकरूंनी सोडलेल्या घाणेरड्या गादीवरून, म्हणजे एका माणसावरून अख्ख्या जमातीला कसं मोजतात ते. क्लिप कापून फिरवली गेली. त्याला रस्त्यात मारहाण, मग ऑगस्टमध्ये 10 दिवस कोठडी, मग गृहखात्याचा आदेश की रशियात राहायचं नाही. एका गादीवरून.

2022 नंतर तर यादीच. बेलीला सरकारने ‘विदेशी एजंट’ ठरवलं, पोपेरेच्नीलाही. याचा अर्थ प्रत्येक पोस्टवर तो शिक्का लावायचा, हॉलवाले घाबरून तारखा देत नाहीत, आणि 2024 पासून अशा माणसाच्या चॅनलवर जाहिरात देणंच बेकायदा, म्हणजे यूट्यूबवाल्याचं पोटच कापलं. व्होरोनेझच्या तिघांपैकी बेली, अख्मेदोवा, पोपेरेच्नी, तिघेही आता बाहेर. स्लावा कोमिस्सारेंको मिन्स्कचा, वर्षानुवर्षं मॉस्कोत बेलारूसच्या राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्कोवर जोक मारून लोकप्रिय, तो 2021 लाच निघाला, आणि बेलारूसच्या कोर्टाने त्याला गैरहजेरीत 6 वर्षं ठोकली. आणि 2025च्या मार्चमध्ये आर्तेमी ओस्तानिन, मेट्रोत चाकाच्या फळीवर बसून फिरणाऱ्या पाय नसलेल्या माणसावरचा जोक, लोकांनी तो युद्धावरून आलेल्या सैनिकावर आहे असं धरलं, तो नाही म्हणत राहिला, बेलारूसमध्ये पकडून मॉस्कोला आणला आणि आत टाकला. लितोव्काच्या काळात निदान शिक्का आधी मिळायचा, बोलावं की नाही कळायचं. आता बोलून झाल्यावर कळतं.

त्यामुळे आज हा माल दोन पॅकिंगमध्ये मिळतो. आत राहिलेले आणि बाहेर गेलेले. आतल्यांचे हॉल फुल आहेत, कॅमेरे महागडे, सूट चांगले, पण विषय घराच्या आत शिरलेत, गृहकर्ज, बायको, मुलाची शाळा, जिम. तंत्र तेच, कधीकधी आधीपेक्षा सफाईदार, पण ऐकताना असं वाटतं की डबल दरवाजा लावून घेतलाय आणि पडदेही ओढलेत. वाख्त्योर्शाचा पेत्रोस्यान मला आठवतो आणि वाईट वाटतं. बाहेरच्यांकडे विषयांची मोकळीक आहे, पण गल्ली गेली. कोमिस्सारेंको आज या देशात, उद्या त्या देशात, हॉलमध्ये कीव्हचा, मिन्स्कचा, अल्माटीचा, दहा वर्षांपूर्वी गेलेला, मागच्या महिन्यात आलेला, सगळे. त्यात सगळ्यांना कळेल असे विषय किती? व्हिसा, बँक, परक्या भाषेतली शाळा. पहिला तास हे भारी असतं. तिसऱ्या कॉमेडियनच्या तोंडून तोच बँकेचा जोक आला की आपण घड्याळ बघतो. आणि गप्प बसून दोन्हीकडे चालवू म्हणणाऱ्यालाही सुख नाही, साबुरोवच्या 2022च्या अमेरिका दौऱ्यात युक्रेनच्या बाजूच्या लोकांनी हॉलमध्येच गोंधळ घातला, की युद्धावर बोल.

तरी घ्यायचा असेल तर कुठून सुरू करायचं. रशियन येत नसेल तर माणसाने केलेली सबटायटल्स शोधा, मशीनवाली नकोत. मी भावाला दाखवायला म्हणून एक भाषांतराचं ॲप पैसे भरून घेतलेलं, नाव घेत नाही, त्याने लेवी बेरेगचं ‘डाव्या पक्षाचा किनारा’ केलं आणि भाऊ अर्धा तास राजकारण समजून बघत होता. थोडं रशियन येत असेल तर अब्रामोव, कारण गाण्यात अर्ध काम सूर करतो. बरं येत असेल तर अख्मेदोवा आणि कोमिस्सारेंको, दोघे सावकाश आणि स्पष्ट बोलतात. पोपेरेच्नी हेडफोन लावून, घरात मोठं कोणी नसताना. कोमिस्सारेंकोमध्ये एक उणीव आहे, तो स्वतःच्या जोकवर इतका शांत राहतो की माझ्या बायकोने विचारलं हा बातम्या देतोय का. मला तीच गोष्ट आवडते. साडेचार स्टार. एकूण प्रॉडक्टला चार, जुना स्टॉक असेल तर पाच.

तो काडीसारखा पोरगा, मोबाइलच्या दुकानातला. मॉस्कोला गेला होता, दोन वर्षं चौघांत एक खोली करून. 2022च्या सप्टेंबरात, सैन्यभरतीची घोषणा झाल्यावर, आर्मेनियातल्या येरेव्हानला. तिथे स्कूटरवरून डिलिव्हरी आणि गुरुवारी ओपन माइक. मागच्या वर्षी त्याने लिंक पाठवली, सात मिनिटांचा सेट. मी ड्युटीरूममध्ये बघितला. सुरुवातीला त्याने लेवी बेरेगचा जोक टाकला आणि काही नाही, खोकला पण नाही, कारण हॉलमध्ये व्होरोनेझचं एक कुत्रं नव्हतं. मग तो समजावत बसला, की आमच्या गावात नदी आहे, तिला दोन काठ, अरे देवा, अनेस्थेशियाशिवाय ऑपरेशन बघतोय असं झालं मला. आणि मग त्याने म्हटलं, माझा एक दोस्त आहे सांगलीचा. हॉल हसला. त्याने अजून काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं सांगली म्हटलं आणि हसला. मग कृष्णा, मग काठ, मग दोबिव्का, सगळं व्यवस्थित लागलं. मी त्याला मेसेज केला की आमचं गाव वापरतोस, रॉयल्टी दे. त्याने लिहिलं, अख्ख्या हॉलात एकालाही माहीत नाही असं एकच गाव माझ्याकडे उरलंय, ते तरी राहू दे.